मदत हवी आहे: मोरीत निघणाऱ्या वाळा सापांना मारू कसं देऊ नये?

दादा-ताईंनो, आम्ही अमळनेर तालुक्यातले. पाऊस सुरू झाल्यापासून मोरीत दर दोन-तीन दिवसांनी वाळा निघतोय. वीतभरही नाही, काळपट तपकिरी, चकचकीत. गांडुळासारखी वळी अंगावर नाहीत, बारीक खवले आहेत; जीभही लपलपते. डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके.

मला माहीत आहे, तो बिनविषारी आहे. मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या खातो. या जातीत माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात. पण सासूबाई म्हणतात, "कानमा घुसस!" आणि लगेच मीठ नाहीतर रॉकेल. काल एक तडफडून मेला, फार वाईट वाटलं.

दोन गोष्टी सांगा. मोरीच्या पाइपाला बारीक जाळी बसवली तर पाणी तुंबतं. दुसरा काही उपाय? आणि उचलून कुंडीच्या ओल्या मातीत सोडला तर जगेल ना?

मण्यारीचं पिल्लू समजून घाबरणारेही आहेत. मण्यारीच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात, हे मी सांगते. तरी शेजारच्या पोरांना दाखवायला कुणाकडे दोघांचे स्पष्ट फोटो असतील तर नक्की टाका. आणि खात्री नसेल तेव्हा हात न लावता सर्पमित्रालाच बोलवायचं, हेही त्यांना बजावलंय.