चेहऱ्यावरचे वांग : आपापले अनुभव लिहावेत

समुद्रकाठची (गुहागर)
धाकट्या जावेला सध्या दिवस आहेत आणि तिच्या दोन्ही गालांवर वांग उमटल्यामुळे जायफळ उगाळण्यासाठी घरातली सहाण पुन्हा बाहेर निघाली आहे. ते पाहून मला माझे पहिले बाळंतपण आठवले. त्या वेळी कपाळावर आणि वरच्या ओठावर आलेले डाग प्रसूतीनंतर फिकट झाले, परंतु पुढे गर्भनिरोधक गोळ्या सुरू करताच ते पूर्वीपेक्षा गडद होऊन परतले. संप्रेरके त्वचेतील रंगपेशींना चेतवतात आणि ऊन त्यांना शांत बसू देत नाही, असे त्वचारोगतज्ज्ञांनी समजावले होते. गरोदरपणात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही डागांवर लावायची औषधे टाळतात, म्हणून जावेला ॲझेलेइक ॲसिडचे मलम आणि सनस्क्रीन एवढेच मिळाले आहे. इतरांनी काय केले, ते कृपया लिहावे.

बंदरावरची (हर्णै)
ताई, सनस्क्रीन कोणते, हेही विचारून घ्यावे. अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो आणि साधे पांढरे सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेले, मातकट रंगाचे सनस्क्रीन लागते. ते दर दोन तासांनी लावण्याचा सल्ला योग्यच आहे, पण आमच्या दमट हवेत पापलेटाचा भाव ठरेपर्यंत अर्धे ओघळून हनुवटीवर आलेले असते. त्यामुळे लिलावाच्या वेळी मी डोक्यावरून पदर आणि वर रुंद काठाची टोपी, असा दुहेरी बंदोबस्त ठेवते. लोक हसतात.

काजूवाला (वेंगुर्ले)
प्रत्येक काळा डाग वांगाचा नसतो. आमच्याकडे काजू फोडताना टरफलातले तेल हाताला लागते, त्याच हाताने घाम पुसला की गाल भाजतो आणि जखम भरल्यावर तिथे काळपट खूण राहते. वहिनीच्या गालावरची अशी खूण उन्हापासून जपल्यावर काही महिन्यांत आपोआप पुसट झाली. शेजारणीने तिला लिंबू चोळायला सांगितले होते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा नव्याने भाजते, म्हणून मी ते होऊ दिले नाही.

माहेरवाशीण (देवगड)
माझ्या बहिणीने दुकानदाराच्या सांगण्यावरून गोरे करणारे मलम वर्षानुवर्षे लावले. त्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्याबरोबर स्टिरॉइडही होते. डॉक्टर असे मिश्रण काही आठवड्यांपुरते, स्वतःच्या देखरेखीखाली देतात. बहिणीची त्वचा इतकी पातळ झाली की गालांवर लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली आणि मलम थांबवताच चेहऱ्याची आग आग होऊ लागली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांची विक्री चिठ्ठीशिवाय करण्यास मनाई केली, तरी आमच्या बाजारात ती मागाल तशी मिळतात, याचा मला संताप येतो.

समुद्रकाठची (गुहागर)
फार उपयोगी माहिती दिलीत. जायफळ आता श्रीखंडात जाईल. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या कोणी घेतल्या आहेत का?

बागायतदार (राजापूर)
मी घेतो, वांग पुरुषांनाही होते. मात्र ही गोळी रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरली जाते, त्यामुळे रक्ताची गुठळी पूर्वी कधी झाली होती का, घरात कोणाला झाली आहे का, हे डॉक्टरांनी आधी खोदून विचारले. डाग बरेच उतरले आहेत, परंतु आंब्याच्या मोसमात दिवसभर बागेत राहिलो की पुन्हा डोके वर काढतात.