वादपत्र फेटाळलं म्हणजे दावा कायमचा संपला असं नाही

'प्रतिवादीने भक्कम कागद दाखवला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली, म्हणजे वादपत्र फेटाळण्याच्या तरतुदीखाली, दावा सुरुवातीलाच उडतो', असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. प्रतिवादीच्या अशा अर्जावर न्यायालय फक्त वादपत्र (दावा लावणाऱ्याने आपली बाजू लिहून दिलेला कागद) आणि त्यासोबतची कागदपत्रं वाचतं. प्रतिवादीचा बचाव कितीही जोरदार असो, त्या टप्प्यावर तो बघायचाच नसतो. परळच्या घराच्या बक्षीसपत्राविरुद्ध माझ्या मावशीने मुंबई शहर दिवाणी न्यायालयात दावा लावला, तेव्हा समोरच्यांनी नोंदणीची तारीख पुढे करून दावा मुदतबाह्य असल्याचा अर्ज दिला. पण ते बक्षीसपत्र तिला कधी आणि कसं कळलं हे वादपत्रात नीट लिहिलेलं होतं. दस्त रद्द करून मागण्याची ३ वर्षांची मुदत माहिती झाल्यापासून मोजतात, त्यामुळे अर्ज नामंजूर झाला आणि मुदतीचा मुद्दा पुराव्यावर सोडला गेला. वादपत्र लिहून घेताना अशा तारखांसाठी वकिलांच्या मागे लागाच.

आणि आणखी एक गोष्ट: वादपत्र फेटाळलं गेलं तरी याच आदेश ७ च्या नियम १३ प्रमाणे त्याच कारणावरून नवं वादपत्र दाखल करता येतं, अर्थात मुदत शिल्लक असेल तर. शिवाय वादपत्र फेटाळण्याचा निर्णय हुकूमनामाच (दाव्याचा औपचारिक निकाल) मानला जातो, म्हणून त्यावर अपीलही होतं. मुंबईत भाडेकरूकडून जागेचा ताबा मागणारा दावा लघुवाद न्यायालयाऐवजी चुकून दुसरीकडे लागला, तर वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी नियम १० खाली परत मिळतं, फेटाळलं जात नाही.