एक्स्पोजरच्या आधी गोळी: आधार की पळवाट?

कडी_कोयंडा:
मला ओसीडी आहे, मंत्रचळ म्हणा हवं तर, कुलूप तपासत बसायचा प्रकार. ईआरपी ही थेरपी चालू आहे, म्हणजे भीतीला मुद्दाम सामोरं जायचं (तेच एक्स्पोजर) आणि तपासायचं नाही: कुलूप एकदाच लावायचं आणि निघायचं, पोटात कितीही गोळा आला तरी परत फिरायचं नाही. उपयोग होतो, नाही असं नाही, पण दर सेशनला जीव जातो आणि पुढच्या आठवड्यापर्यंत निम्मं शिकलेलं उडून गेलेलं असतं. आता वाचलं की डी-सायक्लोसेरिन हे टीबीचं जुनं औषध सेशनच्या थोडं आधी घेतलं तर शिकलेलं जास्त पक्कं बसतं. २००२ ला उंदरांवर दिसलं, २००४ ला उंचीची भीती असलेल्या माणसांवर, मग ओसीडीवरही ट्रायल झाल्या. मग हे सरसकट देत का नाहीत? 'स्वतःच्या हिमतीवर कर' हे सांगणाऱ्याचं काय जातं.

ओले_हात:
अजिबात पटलं नाही. हात धुता धुता माझं अख्खं कॉलेज संपलं, तेव्हा हिमतीचं मला नको सांगूस. ईआरपीत भीतीला सोबत घेऊन बसायचं असतं आणि काही न करता ती उतरते हे स्वतः बघायचं असतं. गोळी घेऊन केलंस की मन म्हणणार, गोळी होती म्हणून निभावलं. आणि तुझं-माझं डोकं कसं चालतं माहितीये ना, गोळी घेतली का, वेळेवर घेतली का, हेच दहादा तपासशील. एक नवीन कंपल्शन, परत परत केल्याशिवाय राहवत नाही अशी कृती, फुकट.

फुटकळ_शंका:
ताई, तुमचं म्हणणं लोराझेपाम, क्लोनाझेपामसारख्या शांत करणाऱ्या गोळ्यांना लागू पडतं, भीतीच वाटली नाही तर शिकणार काय. हे औषध भीती कमी करत नाही. मेंदूत एनएमडीए रिसेप्टर असतात, शिकण्यात कामी येणारे, त्यांच्यावर ग्लायसीन या रसायनाची जी जागा असते तिथे हे बसतं आणि शिकण्याच्या प्रक्रियेला थोडा जोर देतं. घाम तेवढाच फुटणार.

पण धागाकर्ते, तुम्हीही अर्धीच गोष्ट सांगताय. २००८ च्या ट्रायलमध्ये २३ लोक, १० सेशन, प्रत्येकाच्या तासभर आधी १०० मिलिग्रॅम. निम्म्या वाटेवर औषधवाले पुढे होते, शेवटाला प्लासिबोवाल्यांनी, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांनी, त्यांना गाठलं. २०१६ ला १४२ मुलांवर केलं, काहीच फरक नाही. २०१७ ला २१ अभ्यास एकत्र केले, ओसीडीसोबत इतर भीतीचे आजारही धरून १०४७ लोक, तर फायदा निघाला पण अगदी बारीक.

कडी_कोयंडा:
बारीक का होईना, आहे ना! आणि लवकर बरं वाटणं ही किरकोळ गोष्ट आहे का? लोक थेरपी सोडतात ते सुरुवातीलाच, कारण त्रास आज आणि फायदा कधीतरी. २००७ च्या एका ट्रायलमध्ये लवकर सोडून जाणारे प्लासिबोच्या गटात जास्त होते. मी स्वतः तिसऱ्या सेशननंतर पळालो होतो, सहा महिने गेले परत यायला.

ओले_हात:
हे मान्य. मीही पळाले होते, दोनदा.

खुर्चीपलीकडून:
मी ईआरपी घेते, म्हणजे देते. माझी भीती वेगळीच आहे. औषध शिकणं पक्कं करतं, पण काय शिकणं? सेशन फसलं, माणूस भीतीच्या टोकाला असतानाच उठून गेला, तर तेच पक्कं व्हायचं. २०१२ ला पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनात बसलेला धक्का) असलेल्या माजी सैनिकांवर एक्स्पोजरसोबत हे औषध वापरलं तर त्यांची सुधारणा प्लासिबोपेक्षा कमी झाली. चांगलं सेशन आणखी चांगलं, वाईट आणखी वाईट, असा हा मामला. आणि सेशन कसं जाणार हे तासभर आधी कुणाला कळतं?

फुटकळ_शंका:
त्यात अजून एक भानगड. स्वीडनमध्ये २०१५ ला १२८ जणांना इंटरनेटवरून थेरपी दिली, सगळे मिळून बघितलं तर औषधाचा उपयोग शून्य. पण अँटीडिप्रेसंट न घेणारे वेगळे काढले तर फॉलोअपला औषधवाले ६० टक्के रेमिशनमध्ये, म्हणजे लक्षणं जवळजवळ गेलेली, प्लासिबोवाले २४. लोक म्हणाले, सापडलं कारण! दोन वर्षांनी त्या २१ अभ्यासांत हा फरक दिसलाच नाही.

कडी_कोयंडा:
मी सर्ट्रालीनवर आहे, तेही अँटीडिप्रेसंटच. म्हणजे मला चालेल की नाही?

खुर्चीपलीकडून:
कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि स्वतःहून तर मुळीच घेऊ नका, टीबीला जे मोठे डोस देतात त्यांत याचे मानसिक साइड इफेक्ट चांगलेच माहीत आहेत. उलट तुम्ही आत्ता करताय त्याचा आकडा बघा. २०१३ च्या ट्रायलमध्ये १०० लोक, सगळे आधीच सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांवर आणि तरी त्रास शिल्लक. त्यावर ईआरपी दिली त्यातल्या ८० टक्क्यांना चांगला फरक पडला, रिस्पेरिडोन हे दुसरं मानसिक आजारांचं औषध जोडीला दिलेल्यांत २३, प्लासिबोत १५. लोकांना नीट ईआरपीच मिळत नाही हो, आणि आपण तिला जोर देणारी गोळी शोधतोय.

कडी_कोयंडा:
आकडा चांगला आहे. पण उरलेल्या २० टक्क्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी कुणी गोळी शोधत असेल तर शोधू द्या की.

ओले_हात:
शोधू दे, माझी ना नाही. पण एक सांग, तुझ्या वरच्या पोस्टखाली 'तीन वेळा संपादित' दिसतंय.

कडी_कोयंडा:
चार. पहिल्यांदा लगेच केलं ते धरत नाहीत.