फाइलवर ‘शिरोडकर’ लिहिलंय. हे डॉक्टर कोण?

कोपरीकर_सासूबाई
नमस्कार. आम्ही ठाणे पूर्वेला राहतो. सुनेला तेरावा आठवडा चालू आहे. याआधी दोनदा पाचव्या महिन्यात खाली झालं, दोन्ही वेळा पोटात धड दुखलंही नाही. आता डॉक्टर म्हणतात पिशवीच्या तोंडाला टाका घालू, आणि फाइलवर ‘शिरोडकर’ असं लिहिलंय. नाव आपल्याकडचं दिसतंय. हे कोण? शिवाय नात्यातल्या बायका म्हणतात, ती जिने चढते, लोकलने कामाला जाते, म्हणून असं होतं. खरं आहे का?

घोडबंदर_२
माझ्या बहिणीला हाच टाका होता. छत्तिसाव्या आठवड्यानंतर काढला, पुढे नॉर्मल डिलिव्हरी झाली. भाची आता दहावीला आहे. धीर धरा.

सिस्टर_ऐरोली
ताई, मी लेबर रूमची सिस्टर, आता निवृत्त. आधी दुसरा प्रश्न घेते, कारण तुमच्या घरात आज त्याचीच जास्त गरज आहे. जिन्यामुळे नाही आणि लोकलमुळेही नाही. कळा न येता पिशवीचं तोंड उघडत जातं, कारण ते वाढतं वजन पेलत नाही. काहींचं जन्मतःच कमजोर असतं, काहींचं आधीच्या क्युरेटिंगमुळे, म्हणजे पिशवी साफ केल्यामुळे, किंवा पिशवीच्या तोंडावरच्या शस्त्रक्रियेमुळे होतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. सुनेला हे तुमच्या तोंडून ऐकू द्या. सासूने सांगितलेलं जास्त लागतं, चांगलंही आणि वाईटही.

आता शिरोडकर. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, गोव्यातलं शिरोडा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९३१ मध्ये इंग्लंडहून एफआरसीएस ही सर्जनची पदवी घेऊन परतले आणि पुढे ग्रँटमध्येच प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा वारंवार गर्भ जाणाऱ्या बाईला अंथरुणात झोपवून ठेवायचे, हार्मोन द्यायचे. चौथ्या ते सातव्या महिन्यात गर्भ जाणाऱ्या काही बायकांना या दोन्हींचा उपयोग होत नाही, हे शिरोडकरांनी हेरलं. बाळ चांगलं वाढतंय, दार मात्र बंद राहत नाही. मग दारच बांधायचं.

त्यांची पद्धत बारकाईची. योनीमार्गातूनच छोटी चीर घ्यायची, मूत्राशय वर सरकवायचं आणि पिशवीच्या आतल्या तोंडाच्या पातळीला, आवरणाच्या खालून, एक पट्टी फिरवून बांधायची. ही पट्टी सुरुवातीला ते त्याच बाईच्या मांडीच्या स्नायूवरल्या चिवट आवरणातून काढायचे! १९५५ मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी सोपा प्रकार मांडला: चीर न घेता, बटव्याची नाडी ओढावी तसा गोल टाका. आज पुष्कळ ठिकाणी तोच घालतात; शिरोडकरांचा जरा वर बसतो. तुमच्याकडे नेमका कुठला, ते डॉक्टरांना विचारा.

अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायकांची पिशवी काढून न टाकता वर बांधून घ्यायची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने आहे. मला हे टाक्याइतकंच मोठं वाटतं. ज्या बाईला अजून मूल हवंय, तिची पिशवी वाचवण्यासाठी हा माणूस डोकं लढवत होता. १९६० मध्ये पद्मभूषण, १९७१ मध्ये पद्मविभूषण. त्याच वर्षी ते गेले. लेबर रूममध्ये त्यांचं नाव रोज घेतलं जातं, पण ते इथलेच, मुंबईत शिकवणारे, हे नव्या मुलींना सांगावं लागायचं. मी प्रत्येक बॅचला सांगायची.

वाशी_पीजी
सिस्टरांशी सहमत. एक भर: प्रत्येक गर्भपाताला टाका हे उत्तर नाही. पहिल्या तीन महिन्यांतले बहुतेक गर्भपात गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात, तिथे टाक्याचा उपयोग नाही. तुमच्या सुनेचा इतिहास मात्र टाक्याचाच वाटतो. घालण्याआधी सोनोग्राफीत बाळाचे ठोके आणि वाढ बघतात, संसर्ग नाही ना तेही.

कोपरीकर_सासूबाई
सिस्टर, सुनेला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. बराच वेळ रडली, मग म्हणाली, आता घालूया. टाका घातल्यावर तिला झोपवूनच ठेवायचं ना?

सिस्टर_ऐरोली
नाही हो. एक-दोन दिवस आराम, मग डॉक्टर सांगतील तसं हिंडू-फिरू द्या. महिनोन्‌महिने पडून राहिल्याने बाळ टिकतं असं दिसलेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. संबंध, जड उचलणं, कामावर कधी जायचं, हे मोकळेपणाने विचारून घ्या.

लक्ष ठेवायचं ते असं: कळा, पाणी जाणं, रक्त, ताप, घाण वासाचा स्राव. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रिक्षा करून निघा. टाका तसाच असताना जोराच्या कळा आल्या तर तोंड फाटू शकतं. आणि रात्री दुसऱ्याच हॉस्पिटलात जावं लागलं, तर केसपेपर काढायच्या आधी सांगा, ‘हिला टाका आहे.’