उसिकचा पुढचा पाय पाहा
बॉक्सिंगमध्ये उंची-वजनापुढे कौशल्य चालत नाही, हे मत मला अजिबात पटत नाही. मे 2024 मधली रियाधची हेवीवेट लढत पुन्हा बघा: युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक विरुद्ध ब्रिटनचा टायसन फ्युरी. फ्युरी 15 सेंटिमीटरने उंच. पण डावखुऱ्या उसिकचा उजवा पाय सतत फ्युरीच्या पुढच्या पायाबाहेर पडत होता, आणि तिथूनच डावा ठोसा सरळ आत शिरायचा. नवव्या फेरीत त्याच डाव्या हाताने फ्युरी डगमगत दोरांवर गेला, पडलेल्या बॉक्सरसाठी मोजतात तसे पंचांना आकडे मोजावे लागले! शिवाय सुरुवातीपासून पोटा-छातीवर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे. भारी देहाला दम राखणं तसंही जड जातं. बुटक्या बॉक्सरने नुसतं मागे पळत राहणं मात्र चूकच. उंच बॉक्सरच्या हाताच्या टप्प्यावर रेंगाळलात की मार ठरलेला. ब्रिटिश बॉक्सर डेव्हिड हे याने 2009 मध्ये स्वतःपेक्षा 40 किलोंहून अधिक जड असलेल्या रशियाच्या वालुएव्हला हरवलं, तेही ठोसा मारून लगेच जागा सोडत.