लसणाची पाकळी आणि चार दिवसांची आग
अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते म्हणून कडुनिंबाच्या पाण्यानं आतून धुवा, ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार’, असं काही जणी सांगतात; ते मला पटत नाही. कडुनिंबाच्या पाण्यानं बाहेरून धुणं वेगळं आणि आत पाणी मारणं वेगळं. योनीत मुळातच आम्लता असते, सामू (pH, आम्लता मोजायचं माप) साधारण 3.8 ते 4.5. ती तिथले चांगले जिवाणू राखतात. आतून धुतलं की तेच वाहून जातात, मग वास नि स्राव उलट वाढतो.

माझंच सांगते. कापूस वेचणीच्या दिवसांत अंगावरून पांढरं जायचं, खाज सुटायची. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यात काहून पैसे घालतं? लसणाची पाकळी ठेव." ठेवली. सोलताना नखानं जरा चिरडली गेली होती, तासाभरात मिरचीचा हात लागावा तशी आग! चिरडलेल्या लसणाचा रस नाजूक कातडी भाजतो, हे तपासताना नर्सताईंनी सांगितलं. पुढे चार दिवस लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी. मूळची बुरशी मात्र आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्यांनीच गेली.

आणि हो, स्राव हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर तो ट्रायकोमोनास, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग, असू शकतो. त्यात नवऱ्यालाही सोबत औषध घ्यावं लागतं. आमच्याकडे हे ऐकून घेणारा नवरा शोधणं हाच मोठा इलाज!