दप्तर अपुरं आहे, चार्ज यादीवर सही करू का?

तीन_गावं_एक_खुर्ची:
नमस्कार मंडळी. 2023 च्या 4,644 जागांच्या तलाठी भरतीतला मी. पहिलीच सजा (म्हणजे एका तलाठ्याकडची गावं), मराठवाड्यात. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात सगळे भाऊसाहेबच म्हणतात.

परवा रात्री पावणेदहाला तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला: शेजारच्या सजेचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे. लेखी आदेश मागितला तर उत्तर आलं, "निघतोय. आधी चार्ज घ्या, पीक नुकसानीचे पंचनामे अडलेत." आधीच्या भाऊसाहेबांची बदली झालीय, ते तिकडे हजर व्हायच्या घाईत.

काल त्या चावडीत गेलो. कपाटाला कुलूप नाही, कडीला सुतळी बांधलेली. गाव नमुना 6 चं, म्हणजे जमिनीच्या फेरफार नोंदींचं, जुनं हस्तलिखित रजिस्टर काढलं, तर मधल्या काही पानांचे नंबर निळ्या शाईवर काळ्याने गिरवलेले. 6-क ची वारस नोंदवही आहे, पण वारसाचे अर्ज सुटे, तेही खुर्चीला टांगलेल्या कापडी पिशवीत, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेसोबत. आणि वसुलीची पावती पुस्तकं. यादीत सात, मोजली तर सहा. पुन्हा मोजली, सहाच. "ते एक सर्कलसाहेबांकडे तपासणीला आहे," आधीचे भाऊसाहेब म्हणाले. सर्कलना, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांना, तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "माझ्याकडे कशाला येईल?"

चार्ज यादी मात्र टाइप होऊन तयार. 'सर्व दप्तर सुस्थितीत मिळाले.' खाली त्यांची सही झालेली, माझी जागा मोकळी.

चहा घेतला आणि उद्या येतो म्हणून निघालो. आज सकाळपासून नायब तहसीलदारांचे तीन फोन झालेत. सही केली नाही तर कामात कसूर, केली तर सातवं पुस्तक माझ्या बोकांडी. काय करू?

निवृत्त_सर्कल:
चार्ज घे. पण त्या यादीवर नको, स्वतःच्या हाताने नवी यादी कर.

सहा मोजलीस ना, सहाच लिही. प्रत्येक पुस्तकाचा पहिला-शेवटचा पावती क्रमांक, शेवटची फाडलेली पावती कोणत्या तारखेची, कोऱ्या किती उरल्या, आणि वसुलीचं चलन भरलंय का. सातव्यापुढे 'प्रत्यक्षात मिळून आले नाही' एवढाच शेरा. 'हरवले' लिहू नकोस, ते ठरवणारा तू नाहीस. गिरवलेल्या पानांचे क्रमांकही शेऱ्यात घे. मोजताना सर्कल आणि कोतवाल समोर हवेत, त्यांच्या सह्या घे. मग तहसीलदारांच्या नावे अहवाल कर, टपालात दे आणि पोच घे. आवक क्रमांक पडल्याशिवाय घरी जायचं नाही.

मी तुझ्या वयाचा असताना 'साहेब म्हणतायत' म्हणून अशाच यादीवर सही ठोकली होती. ज्यांच्याकडून चार्ज घेतला ते पुढे वारले. दप्तर तपासणीत एक पुस्तक कमी भरलं आणि खुलासे देत मी चार वर्षं तालुक्याच्या पायऱ्या झिजवल्या. पुस्तक शेवटी सापडलं, त्यांच्याच घरी, माळ्यावर.

कोकणातली_तलाठी:
सर्कलकाका कपाटाचं बोलले, मी कॉम्प्युटरचं सांगते. ई-फेरफारमध्ये (फेरफार नोंदींच्या ऑनलाइन प्रणालीत) त्या सजेच्या प्रलंबित नोंदींची यादी आजच्या तारखेची प्रिंट करून चार्ज यादीला जोडा. कोणती नोंद नोटिशीवर आहे, कोणती सर्कलकडे प्रमाणित व्हायची, कुठे हरकत आलीय, सगळं त्यात दिसतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 च्या दुरुस्तीचे आदेश वेगळे काढून बघा. लेखनप्रमाद (लिहिण्यातली चूक) म्हणून काय काय दुरुस्त झालंय ते वाचून घ्या, झोप उडेल.

आणि तुमचा डिजिटल सहीचा डोंगल खिशात ठेवा. त्या चावडीत एखादा झिरो तलाठी (तलाठ्याचं काम करणारा खाजगी माणूस) असेल तर पहिल्याच दिवशी गोड बोलून म्हणेल, "साहेब, तुम्ही पंचनाम्याला जा, मी नोंदी धरतो." आमच्याकडे असा एकजण होता. लोक त्यालाच भाऊसाहेब समजायचे, मला त्याची मदतनीस.

बांधावरचा:
मी कर्मचारी नाही, शेतकरी. तुमचं चालू द्या, पण त्या पिशवीतल्या अर्जांचं काय ते कुणीच बोललं नाही. माझे वडील 2023 ला गेले. वारस नोंदीचा अर्ज दिला, भाऊसाहेब बदलले, नव्यांना विचारलं तर "चार्जमध्ये आला नाही". पुन्हा दिला, पुन्हा बदली. सोसायटीचं कर्ज अडलंय. बदल्यांच्या 2005 च्या कायद्यातच लिहिलंय की फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. पिशवीला टेबल म्हणतात का?

तीन_गावं_एक_खुर्ची:
आज जाऊन आलो. सर्कल आले, कोतवाल होते, पोलीस पाटलांनाही बसवलं. दोन वाजेपर्यंत मोजणी चालली. आधीचे भाऊसाहेब रुसले, "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाले, पण शेऱ्याखाली सही केली. नायब तहसीलदार "एवढं कशाला ताणता" म्हणाले. आवक क्रमांक मात्र मिळाला, आणि लेखी आदेशही.

बांधावरचे दादा, पिशवीत 11 अर्ज निघाले. सगळे अनुक्रमांक टाकून यादीत घेतले. सर्वांत जुना दोन वर्षांपूर्वीचा, त्यावर पोच दिल्याचा शिक्काही आहे. उद्या पहिली नोंद त्याची धरतो. पंचनामे दुपारनंतर. नुकसान 33 टक्क्यांच्या वर की खाली, यावरून बांधाबांधावर जी हुज्जत होणार आहे ती होऊ दे.

सातवं पुस्तक अजून नाही. कपाटाला कुलूप आणलं, 180 रुपयांचं, खिशातून. त्याचं बिल कोणत्या हेडला टाकतात?

निवृत्त_सर्कल:
बिल विसर. दुसरी चावी कुणाकडे दिलीस ते सांग.